सुकटीच्या रांगेतली सहावी जागा

आईला तिच्या जागेवरून मी उठवलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आणि तेही भांडून नाही, छान समजावून सांगून, वहीत आकृती काढून! आजही आठवलं की हसू येतं आणि त्याच दमात कानशिलं तापतात.

सांगते नीट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही पेठला राहायचो, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला. वडील एका पोल्ट्रीवर कामाला होते आणि आई सुकी मासळी विकायची. सुकट, बोंबील, मांदेली, कधीमधी खारा बांगडा. मंचरच्या एका व्यापाऱ्याकडून माल उचलायचा, पाट्या भरायच्या आणि आठवडाभर एकेका गावचा बाजार करायचा. त्यात तिचा जीव लोणीच्या बाजारावर. का, तर तिथं तिची जागा होती.

बाजाराच्या मधोमध एक दांडगा लिंब होता आणि त्या लिंबाखाली सुकटीवाल्यांची रांग बसायची. नऊ बाया, एकीच्या मांडीला दुसरीची मांडी लागलेली. नऊ जणींपुढे तीच सुकट, तेच बोंबील. फक्त मांदेली काय ती एकट्या आईकडे. रांगेत आई सहावी.

ही सहावी जागा तिला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. आजोबांच्या काळात आमची वस्ती बौद्ध झाली, पण बाजाराच्या डोक्यात ते शिरायला आणखी बरीच वर्षं गेली. आई पहिल्यांदा पाटी घेऊन लोणीला गेली तेव्हा तिला रांगेत नाही, रांगेच्या पार पलीकडे गटाराच्या काठावर बसवलं होतं. दोन वर्षं ती तिथं बसली. मग एके दिवशी रांगेत पहिल्या जागेवर बसणारी म्हातारी उठली. ती आमच्याच गावची, तोंडानं फाटकी आणि मनानं साफ. ती बाकीच्या बायांना म्हणाली, "सरका गं. तिचा माल तुमच्यापरीस निवडक हाय. ती गटारापाशी बसती अन् गिऱ्हाईक म्हणतंय समद्याच सुकटीला गटाराचा वास येतोय." बाया कुरकुरल्या, पण सरकल्या. पाचवी आणि आताच्या सातवीच्या मधे दीड हाताची फट पडली, आणि त्या फटीत आईनं गोणपाट अंथरलं. त्या दिवशी ती घरी आली ती भेळ घेऊन. आमच्या घरात भेळ म्हणजे दिवाळी.

आता एक नियम सांगते, जो मला त्या वेळी माहीत नव्हता. बाजारातल्या जागेची पावती नसते. ग्रामपंचायतीचा माणूस पावती फाडतो ती त्या दिवशी बसल्याची, जागेची नव्हे. जागा कुणाची ते फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. पण लागोपाठ तीन बाजार जागा रिकामी राहिली, की तिसऱ्या बाजाराला दुपारी ती जागा सुटली. मग जो पहिलं गोणपाट टाकील त्याची. तिथं ना अर्ज, ना विनंती. आईला हे पाठ होतं आणि मला त्याचा गंधही नव्हता, एवढं लक्षात ठेवा म्हणजे माझ्या शहाणपणाचा आवाका कळेल.

रांगेत सातव्या जागेवर बसायची ती आईची शेजारीण. हिच्याएवढं भांडणारी बाई मी आजवर पाहिली नाही, आणि मी शिक्षकांच्या बैठकांना बसलेली आहे! दोघींचं सकाळी पाटी उतरवतानाच सुरू व्हायचं.

"आगं, बोंबील हायती का खराट्याच्या काड्या?" शेजारीण भर बाजारात ओरडायची.

"तुझ्या सुकटीत वाळू किती अन् सुकट किती, ते निवड आधी!" आई.

"माझी वाळू तरी गोड हाय. तुझी मांदेली खाऊन पावणं परत येत न्हाईत."

"येत न्हाईत कसं? तुझ्याकडं चुकून गेलेलं समदं माझ्याकडंच येत्यात की!"

एकीनं भाव सांगितला की दुसरी आठ आण्यांनी उतरायची. मग पहिली मूठभर सुकट वर टाकायची. मग दुसरी दोन मुठी. मधे एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी सुट्टीत आईबरोबर जायचे आणि शरमेनं मान खाली घालून बसायचे. कॉलेजात जाणारी मुलगी मी, आणि माझी आई खराट्याच्या काड्यांवरून भांडतेय! मला वाटायचं, ही शेजारीण आईच्या पोटावर पाय देतेय. दीड हातावर बसून तिचंच गिऱ्हाईक पळवतेय.

त्याच वर्षी मंचरच्या कॉलेजात मी बी.कॉम.ला गेले आणि सरांनी अर्थशास्त्रात मक्तेदारीचा धडा घेतला. अहाहा! काय सांगू, अंगावर काटा आला. एकच विक्रेता, स्पर्धक कुणी नाही, भाव त्याच्या हातात. सर फळ्यावर रेघा ओढत होते आणि मला त्यात लिंबाखालची रांग दिसत होती. नऊ बाया एकाच झाडाखाली कोंबून बसल्यात, एकमेकींचा भाव पाडतायत, आणि बाजाराच्या तोंडाशी, एसटी थांब्याजवळ, जिथून प्रत्येक माणूस आत येतो, तिथं सुकटीवाली एकही नाही! एकही! मला वाटलं, या बायांना इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही? अडाणी ते अडाणीच.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझा बैल तर दावणीलाही नव्हता.

घरी येऊन मी वही उघडली. बाजाराचा नकाशा काढला. इथं थांबा, इथं लिंब, हा माणसांचा रस्ता. "आई, बघ. माणूस उतरला की पहिली तू दिसशील. तो तुझ्याकडेच घेईल. लिंबापर्यंत जाईल कशाला? शिवाय भांडायला शेजारीण नाही, भाव पाडायला कुणी नाही. चार बाजार दे मला. फक्त चार. पाचव्याला तूच म्हणशील, पोरगी शिकली ते सार्थकी लागलं."

आई भाकरी थापत होती. तिनं आकृतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. मला वाटलं, वा! किती पटकन पटलं!

पहिल्या बाजाराला आम्ही थांब्याजवळ पाट्या उतरवल्या. मी स्वतः वाटे लावले, नीटनेटके, सारखे. जीपमधून माणसं उतरायला लागली आणि मी हरखलेच, कारण सगळी माणसं खरंच आमच्यापुढून जात होती! शंभर टक्के! माझी आकृती बरोबर होती! फक्त थांबत कुणी नव्हतं.

एक बाई थांबली. "केवढ्याला वाटा?" आईनं भाव सांगितला. बाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "बाकीच्या काय भाव देत्यात?"

"इथं मी एकटीच हाय, ताई."

"ते दिसतंय. पण एकटीच का गं? रांगेतून उठवलं का तुला?" आणि वाटा नाकाशी नेऊन वास घेतला. "शिळा न्हाई ना माल?" मग म्हणाली, लिंबाखाली बघून येते. ती बघायला गेली ती तिकडचीच झाली.

दुपारपर्यंत हेच. मी खवळले. म्हटलं भाव उतरव. आईनं उतरवला. तर बया! आधी जे थांबत होते तेही पुढे जायला लागले. एक म्हातारा तर खो खो हसला, "एवढं सस्त? पोरी, यात काय मेलंय का?" सुक्या मासळीला हा प्रश्न! मी काहीतरी खरमरीत बोलणार होते, आईनं माझा हात दाबला.

दुसऱ्या बाजाराला मी पाटी लिहून नेली. पुठ्ठ्यावर लाल अक्षरं: स्वच्छ, ताजी सुकट. एकच भाव. मला वाटलं, घासाघीस नाही, फसवाफसवी नाही, लोक दुवा देतील. कप्पाळ माझं! पहिल्याच बाईनं विचारलं, "कमी किती करशील?" मी ताठ मानेनं पाटी दाखवली. तिचं तोंड असं उतरलं जसं मी तिला दारातून हाकललं. "म्हंजी आमी काय मागून घेतोय व्हय? बोलायचं पण न्हाई?" दुसरी म्हणाली, "दुकानात पाटी असती, बाजारात न्हाई. दुकानात आमाला कोण वळखतंय?" तिसऱ्या माणसानं पाटी वाचली आणि मला विचारलं, "वर मूठभर टाकणार का न्हाई, ते कुठं लिवलंय?" वरची मूठ माझ्या अर्थशास्त्रात नव्हती.

दिवसभरात मोजकी चार-पाच गिऱ्हाइकं झाली. आई भांडत नव्हती, ओरडत नव्हती, आणि तिच्या तोंडावर तेजच नव्हतं. राहून राहून तिची नजर लिंबाकडे जायची. शेवटी मीच उठले. म्हटलं, बघू तरी तिकडं काय सोन्याच्या विटा वाटतायत!

लिंबाखाली गर्दी होती, पण नेहमीएवढी नव्हती. आणि मग मला दिसलं. आईच्या सहाव्या जागेवर गोणपाट अंथरलेलं! शेजारीण दोन जागांवर ऐसपैस फाकून बसलेली, एक मांडी सातवीवर, एक सहावीवर. आणि सहावीवर तिच्यापुढे कसला ढीग होता? मांदेलीचा! माझ्या आईच्या मांदेलीचा! जन्मात जिनं कधी मांदेलीला हात लावला नाही, तिनं जागाही ढापली आणि मालही उचलला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी धावत आईकडे आले. "आई, तिनं तुझी जागा बळकावली! मांदेली विकतेय तिथं बसून!"

आईनं विचारलं, "मांदेली? नक्की?"

"डोळ्यांनी पाहिली!"

आई तोंड फिरवून पाटी झाकायला लागली. मला वाटलं, रडतेय. माझ्यामुळे रडतेय. शेजारणीचा मला इतका राग आला की त्या आठवड्यात मी तिच्याशी मनातल्या मनात रोज भांडले आणि रोज जिंकले.

तिसऱ्या बाजाराला सकाळी आम्ही पेठहून जीपमध्ये बसलो, तर समोर ती म्हातारी, रांगेतली पहिली. जीप भरून निघाली. म्हातारीनं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि आईला म्हणाली, "आज तिसरा."

आई म्हणाली, "व्हय."

"शिरूरकडचा एक टेंपोवाला मागल्या बाजारापासनं जागा धुंडतोय. दुपारची वाट बघतोय त्यो."

"ऐकलंय."

मी विचारलं, कसला तिसरा? कसली दुपार? म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, की हिला हेसुद्धा माहीत नाही? आणि मग तिनं नियम सांगितला. तीन बाजार. दुपार. गोणपाट.

जीप खड्ड्यातून उसळत होती आणि मी मनात मोजत होते. गटाराच्या काठावरची ती दोन वर्षं, ती दीड हाताची फट, ती भेळ. मी हे सगळं एका आकृतीवर लावलं होतं! आणि आई, तिला तर माहीत होतं!

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू चार बाजार मागितलेस. मी दिले."

"पण जागा गेली असती! आज दुपारी जाईल!"

आई बाहेर बघत राहिली. "तुला शिकवली कशाला मग? तुझं ऐकायचंच न्हाई, तर फिया कशाला भरायच्या? एकदा तरी ऐकाया पायजे व्हतं."

जीप थांबायच्या आत मी उडी मारली. थांब्याजवळच्या जागेकडे पाहिलंही नाही. डोक्यावर मांदेलीची पाटी घेतली आणि बाजारातून धावत सुटले. कांद्याच्या ढिगाला पाय लागला, शिव्या बसल्या, पुढे गेले. लिंबाजवळ पोचले तर बघते काय! टेंपोवाला खरंच उभा होता, मागे दोन क्रेट, हातात गुंडाळलेली ताडपत्री, आणि आमच्या शेजारणीशी हुज्जत घालत होता.

"मावशी, जागा रिकामी हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय? डोळं फुटलं का त्याचं? गोणपाट दिसत न्हाई? माल दिसत न्हाई?" तिनं मांदेलीचा ढीग थोपटला.

"पण बाई कुठाय?"

"मुतायला गेलीय."

"तीन बाजार झालं की!"

"मग? तुझी पोटदुखी काय? तिला वेळ लागतुय!"

सगळी रांग हसली. आणि मी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी! आठवडाभर पाठ केलेलं भांडण माझ्या तोंडातून हवेसारखं निघून गेलं. ही बाई जागा ढापत नव्हती. ही जागा धरून बसली होती. मांदेली होती ती यासाठी, की आईचं गिऱ्हाईक मांदेली शोधत येईल आणि जागा मेली असं त्याला वाटू नये. मंचरच्या त्याच व्यापाऱ्याकडून तिनं ती स्वतः उचलली होती.

तिनं मला पाहिलं. "आलीस का, शाणे? अन् ती टवळी कुठाय?"

टवळी मागून येतच होती. डोक्यावर पाटी, कमरेवर हात. शेजारणीनं एक मांडी आत ओढली, मग दुसरी. सहावी जागा मोकळी झाली. टेंपोवाल्यानं ताडपत्री काखेत मारली आणि निघून गेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. डोळे पुसतील. मी तर पुसायला सुरुवातही केली होती.

आई मांदेलीच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "ही काय मांदेली आणलीस? कोंबड्यासुदीक खायच्या न्हाईत!"

"मग आण की तू! दोन बाजार कुठं उलथली व्हतीस? तुझी घाण इकू इकू माझी सुकट पडून राहिली!"

"तुझी सुकट पडूनच असती! तिला वाळूचं वजन हाय!"

आणि काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटांत माणसं जमली. बाया पिशव्या सावरत थांबल्या. कुणी आईला भाव विचारला आणि शेजारणीकडे घेतलं, कुणी शेजारणीला विचारला आणि आईकडे घेतलं. मूठ वर पडली, तिच्यावर आणखी मूठ पडली. आईचा आवाज लिंबाच्या शेंड्यापर्यंत चढला आणि तिच्या तोंडावर ते तेज परत आलं. दुपार व्हायच्या आत दोघींच्या पाट्या तळाला लागल्या. मी वाटे लावत होते, कागद फाडत होते, घामानं निथळत होते, आणि माझ्या डोक्यात घंटा वाजत होत्या. अगं बाई! म्हणजे हे भांडण नव्हतंच! म्हणजे होतं, खरंखुरं होतं, पण बाजार चालत होता तो त्याच्यावर!

सुकट बांधता बांधता मी शेजारणीला विचारलं, "मावशी, आई गेली तर तुमचं गिऱ्हाईक दुप्पट व्हायला हवं होतं. मग जागा का धरली?"

ती माझ्याकडे बघून हसली. "दुप्पट? अगं, निम्मं झालं. माणूस रांगेकडं येतो. नऊ जागी बघाया मिळतंय म्हणून येतो. रांगेत भगदाड पडलं की त्याला वाटतंय बाजार उठला. अन् मी भाव सांगितला तर तो खरा का खोटा, ते कुणाला इचारणार त्यो? तुझ्या आईला इचारायचा." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आन् दुसरं म्हंजी, दोन बाजार तोंड मिटून बसले. माझं डोस्कं दुखाया लागलं."

परतताना जीपमध्ये मी आईला विचारलंच. "तुला माहीत होतं का, ती जागा धरेल म्हणून?"

"मग काय तर. त्या भरवशावर तर उठले."

"तिला सांगून उठलीस?"

"सांगायचं काय त्यात?" आई म्हणाली आणि पेठ येईपर्यंत झोपली.

त्या दिवसानंतर मला सगळीकडे तीच रांग दिसायला लागली. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या एकमेकींना खेटून का उभ्या असतात? गावोगावची मंडळी यात्रेचा तमाशा ठरवायला येतात, एका फडाचा भाव ऐकून चार पावलांवरच्या दुसऱ्याकडे जातात, आणि सगळ्या फडांची सुपारी फुटते! एकानं शहाणपणा करून वेगळ्या गावी राहुटी ठोकली तर तिथं कुत्रंही फिरकायचं नाही. मंचरला लग्नाच्या कापडाची दुकानं एका ओळीत का? सोनार सोनाराला चिकटून का? मी वाटेत भेटेल त्याला हे सांगत सुटायचे. वडील म्हणायचे, पोरीला सुकट चढलीय. चढलीच होती! पुढे एम.कॉम. केलं, ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले, आणि दर वर्षी मक्तेदारीच्या धड्याला फळ्यावर आधी लिंब काढायला लागले. पोरं हसतात. हसू देत.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. हाताहातांत मोबाईल आले होते. लोणीच्या बाजारात प्लास्टिकच्या चपला आणि चायनाची खेळणी आली होती, पण लिंबाखालची रांग होती तशीच होती. त्या पावसाळ्यात शेजारीण गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत संपली. आईनं मला फोनवर सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात. वर म्हणाली, "मेली ती पण माझं ऐकून न घेता मेली."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले आणि आईबरोबर बाजाराला निघाले. लिंबाखाली आईनं आपलं गोणपाट अंथरलं. मग पिशवीतून दुसरं गोणपाट काढलं आणि सातव्या जागेवर अंथरलं. त्यावर बोंबलांचा ढीग लावला. मग एक मांडी सहावीवर आणि एक सातवीवर टाकून बसली. गुडघे दुखत होते तिचे, तरी तशी बसली.

मी हळूच विचारलं, "कितवा बाजार?"

"मोजत न्हाई."

पाचव्या जागेवरची, आता म्हातारी झालेली बाई माझ्या कानाशी म्हणाली, लई झाले, दहाच्या वर गेले. रांगेत सगळ्यांना माहीत होतं शेजारीण कुठं गेलीय ते. नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. पण आईपुढे बोलायची टाप कुणाची? एक नवी भाजीवाली पाटी घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, ही जागा कुणाची? बाई कुठाय?"

आईनं मान वर केली नाही. "मुतायला गेलीय," ती म्हणाली. रांगेतलं कुणी हसलं नाही. मला मात्र रडू फुटलं आणि मी ते दाबलंही नाही.

त्याच दिवशी उन्हं वर आल्यावर एक तरणी बाई रांगेपाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पाटी, पदर घट्ट. शेजारणीची सून. तिच्या घरात तोवर ठरत नव्हतं, धंदा करायचा की मोडायचा. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, एक मांडी आत ओढली, बोंबील आपल्याकडे सरकवले आणि गोणपाट तसंच राहू दिलं. सून बसली. तिनं माल मांडला आणि हात मांडीत घेऊन, खाली मान घालून बसून राहिली. माणसं पुढून जात होती, कुणी थांबेना.

आई भर बाजारात ओरडली, "आगं, बोंबील हायती का खराट्याच्या काड्या?"

सून दचकली. तिचे डोळे भरले. "मावशी, चांगला माल हाय. सासूबाईंच्याच व्यापाऱ्याकडचा..."

"माझ्याकडं काय बघतीस? त्यांच्याकडं बघून बोल! भांड गं माझ्यासंग! गिऱ्हाईक चाललं!"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं पदर खोचला. "तुमच्या मांदेलीत... तुमच्या मांदेलीत काय राम हाय?"

"ऐकू येत न्हाई!"

"तुमची मांदेली खाऊन पावणं परत येत न्हाईत!" ती किंचाळलीच.

पुढे निघालेल्या दोन बाया वळल्या आणि हसत परत आल्या. एकीनं आईला मांदेलीचा भाव विचारला. आईनं पाटीवर हात आडवा धरला.

"आधी तिच्याकडनं घे," ती म्हणाली. "तिची भवानी व्हायचीय."